सांगून मारायचं

मुंगीने हात वर केला तेव्हा तिच्या बापाला आधी वाटलं, तिला शू लागली असेल. सकाळपासून त्या हॉलमध्ये हात वर होत होते ते बहुतेक त्याच कामासाठी. लांब टेबलांच्या रांगा, टेबलांवर पट, पटांच्या दोन्ही बाजूंना जमिनीला पाय न टेकणारी मुलं आणि मध्येच कुठेतरी एक हात. मग पंचबाई रबरी बुटांनी आवाज न करता तिथे जायच्या, वाकायच्या, आणि ते मूल दाराकडे पळत सुटायचं. दोरीच्या अलीकडे उभे असलेले आईबाप हसायचे. तोही हसला. मग त्याला मुंगीचा पट दिसला. तिचा पांढरा वजीर पटाबाहेर आडवा पडला होता आणि त्याच्या घरात समोरच्या मुलीचा काळा उंट उभा होता, पार पलीकडच्या कोपऱ्यातून तिरका आलेला. मुंगी रडत नव्हती. रांगेत कोणी मध्ये घुसलं की माणूस जसं बघतो तसं ती बघत होती. राग नाही, फक्त हे चुकलंय आणि आता कोणीतरी मोठं माणूस येऊन नीट करेल, अशी खात्री. हात कशासाठी आहे हे त्या अख्ख्या हॉलमध्ये एकट्या त्याला कळलं होतं.

दोरी टेबलापासून लांब नव्हती. सगळं ऐकू येत होतं.

"काय झालं बाळा?"

"हिने सांगितलंच नाही."

"काय सांगितलं नाही?"

"वजीर. वजिरावर चाल केली की आधी 'वजीर' म्हणायचं असतं ना. मग मी हलवला असता."

समोरच्या दोन वेण्यांच्या मुलीने पंचबाईंकडे बघितलं, मग आपल्या उंटाकडे. तिला बिचारीला काहीच कळत नव्हतं.

"असा नियम नसतो," पंचबाई म्हणाल्या. आवाज चांगला होता, लहान मुलांशी रोज बोलणाऱ्या माणसाचा. "वजीर आपला आपणच सांभाळायचा. कोणी सांगत नाही. तुला कुणी शिकवलं हे?"

मुंगीने मान वळवली. दोरीमागच्या माणसांवरून तिची नजर एकेक करत सरकत आली आणि ती पोचायच्या आत त्याचा उजवा पाय मागे गेला. पाठोपाठ बाकीचा तो. शेजारी खांद्याला भलीमोठी पिशवी अडकवलेले एक गृहस्थ उभे होते. आता त्याच्यासमोर ती पिशवी होती, तिची उसवलेली शिवण होती, आणि पलीकडे काय चाललंय ते दिसत नव्हतं. फक्त ऐकू आलं.

"कोणी नाही," मुंगी म्हणाली. "मी मनानेच."

तो पिशवीमागून बाहेर आला तेव्हा पंचबाई निघून गेल्या होत्या आणि मुंगी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून पटाकडे बघत बसली होती. हात लावला की चालवायचंच, म्हणून विचार करताना हात मांडीखाली ठेवायचे, हे त्यानेच शिकवलेलं. ते मात्र खरं होतं.

भिंतीवर फळा होता. पालकांनी बोलू नये, खुणा करू नयेत, केल्यास हॉलबाहेर काढण्यात येईल. त्याने तो फळा वाचला, पुन्हा वाचला. बरोबरच आहे, बोलायचंच नसतं. बोललो असतो तर तिचाच डाव गेला असता. किती सोयीचा फळा होता तो! आयुष्यात एवढ्या आवडीने त्याने कुठलाच नियम वाचला नव्हता. पण बोलू नये म्हटलं होतं, दिसू नये कुठे म्हटलं होतं? नुसता उभा राहिला असता जागच्या जागी, मान हलवली असती, तरी पुरलं असतं. त्या पायाचं त्याला नवल वाटत होतं. पाय इतक्या सरावाने गेला होता. जिन्यात घरमालक दिसले की वरच्या पायरीवर थांबणारा, ऑफिसात साहेबांच्या केबिनमधून आवाज वाढला की पाणी प्यायला जाणारा तो हाच पाय. ऑफिस म्हणजे कपडे धुण्याच्या यंत्रांची कंपनी, आणि त्यात तो तक्रारींच्या फोनवर. "हो ताई, अगदी बरोबर आहे तुमचं, उद्या माणूस पाठवतो." उद्या माणूस जाणार नसतो हे त्यालाही माहीत असायचं, बहुतेक ताईंनाही. पण फोन ठेवताना ताई खूश असायच्या. फोन ठेवेपर्यंतच्या खुशीत त्याच्याइतका तरबेज माणूस कंपनीत नव्हता. बायको म्हणायची, तुला कोणाचं वाकडं तोंड बघवत नाही, आणि त्याची किंमत दुसरेच कोणीतरी मोजतात. तो म्हणायचा, चांगुलपणाला तू नावं ठेवतेस. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. समोरच्याला दिसत नसलं की ती सांगते, दिसत नाही म्हणून.

नियम जन्माला आला तो त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत, जिथे एरवी बाबागाड्या आणि हवा गेलेल्या सायकली ठेवतात. शनिवारी दुपारी तो तिथे लहान मुलांना बुद्धिबळ शिकवायचा. खरं तर शिकवायचं होतं मुंगीला. पण जिन्यातून जाणारी पोरं आत डोकावली आणि नको म्हणणं त्याच्याच्याने होईना. शिकवायचा मात्र छान, हे बायकोसुद्धा कबूल करायची. आधी नुसती प्यादी द्यायचा. दोन्हीकडे प्यादी, बाकी पट रिकामा, ज्याचं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. प्यादं चालतं सरळ आणि मारतं तिरकं, हे अंगात मुरेपर्यंत डब्यातून दुसरं काही काढायचं नाही. मग हत्ती. मग उंट. उंट आपल्या रंगाची घरं जन्मभर सोडत नाही हे कळल्यावर मुंगी म्हणाली होती, "मग एकाच सैन्यातले दोन उंट एकमेकांना कधी भेटतच नाहीत?" घोड्यासाठी तो मुलांना फरशीवर उभं करायचा: दोन फरश्या सरळ, एक बाजूला, टुणकन. पोरं दुपारभर खोलीत टुणटुण करायची आणि घरी गेल्यावर स्वयंपाकघरातही तशीच चालायची. राजा सगळ्यात शेवटी. राजाला मारत नाहीत, कोंडतात. हे सांगायला वेळ हवा.

त्यात सगळ्यात लहान गोट्या. त्याचा वजीर पहिल्यांदा मारला गेला तेव्हा त्याने तो समोरच्याच्या हातातून हिसकावला आणि सरळ तोंडात टाकला. ओठ घट्ट मिटून नाकाने रडायला लागला. बाकीची पोरं हसून लोळायची राहिली होती. त्याने गोट्याच्या तोंडात बोट घालून वजीर काढला; बोटाला इवले दात लागले, लाळ लागली, आणि आतून आलेला हुंदका बोटाला जाणवला. तेवढ्यात गोट्याची आई दारात. "त्याला झेपत नसेल तर राहू दे हं," ती म्हणाली. साधंच म्हणाली. पण तिच्या कपाळावर एक आठी होती, आणि खोलीभर पोरं त्याच्याकडे बघत होती, आणि मुंगी बघत होती. "छे छे, चूक माझीच," तो म्हणाला. "एक नियम सांगायचा राहूनच गेला. वजिरावर चाल केली की आधी 'वजीर' असं मोठ्याने सांगायचं. न सांगता मारला तर चाल परत. वजिराला सांगून मारायचं असतं." गोट्याचं रडणं थांबलं. आईची आठी गेली. पाच-सहा तोंडांतून एकदम "हां!" असा आवाज आला, आणि त्याला दिवसभर पुरेल इतकं बरं वाटलं. आपण इथे असं खेळूया, एवढं म्हणाला असता तरी भागलं असतं. तो म्हणाला, नियम आहे. राहूनच गेला होता म्हणाला. विसरल्याचं खोटं नाटक आणि त्यावर खोटा नियम, असं दुहेरी विणकाम त्याने एका दमात केलं होतं.

मग ते वाढत गेलं. मुलांना त्या नियमाचाच नाद लागला. वजिरावर चाल करायला मिळाली की उभं राहून, हात पसरून, "वजीऽऽर!" अशी आरोळी. समोरचाही आरोळी आली की हसत वजीर उचलायचा. कोणाचाच वजीर मरेना, डाव संपेनात. बायको एकदा जिन्यातून जाताना थांबली. "हा कुठला नियम?" तिने घरी आल्यावर विचारलं. तो म्हणाला, लहान आहेत गं. ती म्हणाली, "लहान आहेत तोवरच सांग. मोठी झाल्यावर चिडतील." पुढच्या शनिवारी सांगतो, तो म्हणाला. मुंगीचं नाव स्पर्धेत घातलं तेव्हा पुन्हा म्हणाला. बाकीच्यांच्या घरी त्या रविवारी काही ना काही होतं, मुंगी एकटीच जाणार होती. शेवटच्या शनिवारी त्याने खरंच सुरुवात केली. "एक गोष्ट सांगायची आहे," म्हणाला. सगळी पोरं गप्प झाली. गोट्याने वजीर मुठीत धरला होता. त्या मुठीकडे बघत तो म्हणाला, "खेळताना मध्ये मध्ये पाणी प्यायचं. डोकं शांत राहतं." आणि आज सकाळी मुंगीच्या केसांना रबर लावताना बायकोने आरशातून विचारलं, "सांगितलंस ना तिला ते?" तेव्हा त्याने दात घासता घासता हो म्हटलं. तोंडात फेस होता. नुसतं हूं आलं, पण ते हो होतं.

मुंगी दोरीखालून वाकून बाहेर आली. "हरले," म्हणाली आणि त्याच्या हातात हात दिला. तिचा हात थंड होता. "चांगली खेळलीस," तो म्हणाला. "वजीर गेला ना," ती म्हणाली. बस्स. आता विचारेल, त्याला वाटलं. बाबा, असा नियम नाही का, एवढं तरी विचारेल, मग मी सांगीन. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. ती विचारेना. कॉरिडॉरमधून जाताना भिंतीवरच्या मुलांच्या चित्रांना एकेक करून बोट लावत ती चालत होती, घर, झाड, मासा, परत घर. तिला कळलं होतं. नियम खोटा होता हे पंचबाईंनी सांगितलं, आणि कोणी शिकवला होता हे ती विसरणं शक्य नव्हतं. मग राग का नाही? रागावली असती तर त्याला सोपं होतं. रागावलेल्या माणसाशी बोलण्याचाच तर तो पगार घेत होता. "भूक लागली?" त्याने विचारलं. ती हो म्हणाली. खिशात फोन थरथरला. कसं चाललंय, बायको विचारत होती. मजेत, त्याने लिहिलं.

जेवायच्या सुट्टीत सगळे पायऱ्यांवर बसले होते. त्याने ब्रेड-जॅमचा डबा उघडला, केळं सोललं. मुंगी नळावर बाटली भरायला गेली. नळापाशी मुलांची रांग होती आणि रांगेत दोन वेण्यांची मुलगी होती, आणि ती पुढच्याला काहीतरी सांगत होती, आणि पुढच्याने वळून मुंगीकडे बघितलं. मग आणखी एकाने. मग कोणीतरी दबक्या आवाजात सुरू केलं, "रडीचा डाव खडी!" आणि दोघं-तिघं हसली. मुंगीने बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं. त्याच्या वरच्याच पायरीवर दोन वेण्यांच्या मुलीची आई बसली होती, उंच, केस ओले, गळ्यात शिट्टी. कुठेतरी मुलांना पोहायला शिकवत असावी आणि तिथूनच आली असावी. ती शेजारणीला सांगत होती. "हरायला लागलं की नवा नियम. हात वर करून डावच थांबवला बाई तिने. माझी पोरगी घाबरली, म्हणाली आई, मी चिटिंग केली का गं? एवढ्याशा पोरी, आणि डोकं बघ. मनानेच केला म्हणे नियम." शेजारीण म्हणाली, "घरून तयार होऊन येतात हल्ली." तो केळं हातात धरून बसला होता. पायरी उन्हाने तापली होती. आत्ता वळायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. पण त्यांचं बोलणं संपू दे. पण मुंगी येऊ दे. पण तिच्यासमोर नको, ती गेल्यावर. हे सगळे 'पण' त्याच्या रोजच्या ओळखीचे होते, एकामागून एक येऊन शेजारी बसत होते. खालच्या बाजूला मुंगी रांगेतून बाहेर पडली होती. तिची बाटली रिकामीच होती. ती सरळ चालत पायऱ्यांपाशी आली, आणि वरच्या पायरीवरचं शेवटचं वाक्य, "असली पोरं पुढे जाऊन काय करतील देव जाणे," हे तिने ऐकलं. ऐकलं आणि त्याच्याकडे बघून जरा हसली. त्याला धीर द्यावा तशी हसली. सात वर्षांची मुलगी.

तो उभा राहिला. फारच जोरात उभा राहिला, डबा पायरीवरून खाली गेला. "तो नियम मी शिकवला होता," तो म्हणाला. आवाज चढाच लागला. पायऱ्यांवरची सगळी माणसं बघायला लागली, नळावरची मुलं वळली. "मी तिचा बाप. मी शिकवला होता, खोटा. तिचा काही दोष नाही. ती माझ्यासाठी खोटं बोलली. पंचांना खोटं सांगितलं तिने, मला वाचवायला."

शेवटची दोन वाक्यं बाहेर पडल्यावर त्याला ऐकू आली.

उंच बाई उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "अहो, असं काय करता," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं. आणि मुलांना शिकवताना होतं हो असं. आमच्याकडे बघा ना, आईबाप काठावरून हात पुढे करून बसतात, पोर बुडेल म्हणून. मग पोर शिकणार कधी? तुम्ही मनाला लावून घेऊ नका." शेजारीण म्हणाली, "हल्ली कोण एवढं कबूल करतं?" कोणीतरी डबा उचलून दिला. आणि इतकं होऊनही, सगळ्यांच्या देखत, त्याला बरं वाटलं. गोट्याचं रडणं थांबलं होतं तेव्हा वाटलं होतं तसंच, गरम, गोड, पोटापर्यंत. त्या बरं वाटण्याची त्याला इतकी शरम वाटली की कान तापले. सगळ्यांनी त्याला माफ केलं होतं. त्यांच्याकडे तो कुठे माफी मागत होता?

"म्हणजे ती पंचबाईंशी खोटं बोलली?" दोन वेण्यांच्या मुलीने आईला विचारलं. आता ती जवळ आली होती, तिच्यामागे नळावरची पोरं. कोणी चिडवत नव्हतं. ते आता मुंगीकडे नीट, गंभीरपणे बघत होते. रडी म्हणणं खेळातलं असतं. हे खेळातलं नव्हतं. मुंगीचे गाल हळूहळू लाल होत गेले, मग कपाळ, मग मान. पट समोर असताना जी रडली नाही, वजीर गेल्यावर रडली नाही, तिचे डोळे भरून आले आणि तिने ते बाटली धरलेल्या हाताच्या कोपराने पुसले.

घंटा झाली. पुढची फेरी. मुलं आत पळाली. तो तिच्यामागे कॉरिडॉरमध्ये शिरला. "मुंगे," तो म्हणाला. "ऐक ना. चुकलं माझं. नियम पण चुकला, आणि तिथे मी..."

"तू लपलास," ती म्हणाली. न वळता. "त्या काकांच्या पिशवीमागे. मी बघितलं. मला वाटलं तुला सांगायचं नाहीये."

त्याला वाटत होतं तिची नजर पोचायच्या आत पाय मागे गेला होता. सकाळपासून तो तेवढ्या एका गोष्टीवर उभा होता.

"मग मी नाही सांगितलं," मुंगी म्हणाली. "मग आता कशाला सांगितलंस? सगळ्यांसमोर?"

"ती मुलं तुला रडी म्हणत होती. मला ऐकवेना."

"मला ऐकवत होतं."

हो ताई, बरोबर आहे तुमचं, हे इथे चालणार नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला, तिच्या उंचीला आला, तिचं सुटलेलं केसांचं रबर नीट करायला हात पुढे केला. तिने ते करू दिलं. तिच्या मानेला घामाचा आणि जॅमचा वास येत होता. हॉलचं दार उघडं होतं, आत खुर्च्या सरकत होत्या, पंचबाई नावं पुकारत होत्या. "पंचबाईंना मी सांगू का?" त्याने विचारलं. "तू म्हणशील तसं. नको म्हणालीस तर नाही सांगणार."

"मी सांगीन," ती म्हणाली. "डाव झाल्यावर. माझं माझं."

"बरं. मी असेन तिथेच. दोरीपाशी. एकदम पुढे उभा राहीन, तुला दिसेन असा."

मुंगीने मान हलवली. नाही म्हणून. मग एखाद्या मोठ्या माणसाने लहान मुलाला समजावून सांगावं तसं, दुखावणार नाही इतक्या हळू, तिने सांगितलं.

"बाबा, तू आत नको येऊस. तू असलास की मला सारखं बघावं लागतं, तुला काय होतंय. मग माझं पटावर लक्ष लागत नाही."

आणि बाटली त्याच्या हातात देऊन ती आत गेली.